बुडातलं शिसं

कुवेतहून परत आल्यावर गल्लीतल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, काय आणलंस? घड्याळ, ट्रान्झिस्टर, निदान आईला एखादी नायलॉनची साडी. मी एक कागद आणला. तोही मधोमध फाडलेला, आणि फाडणारा मीच. तो का फाडला हे सांगण्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांना तेलाच्या विहिरी आणि शेखांच्या मोटारी वाचायच्या असतील त्यांनी इथेच थांबावं. मी त्या पाहिल्या, पण त्यांच्याबद्दल सांगावं असं माझ्याजवळ काही नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. माझे बावा, म्हणजे वडील, डोंगरीतल्या एका छापखान्यात खिळे जुळवतात. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. जास्त छापून उरलेल्या पत्रकांवर मी वाचायला शिकलो आणि त्यांच्याच कोऱ्या पाठीवर लिहायला. बाराव्या वर्षी मी स्वतः पहिलं पत्रक जुळवलं. ते आईच्या महिला मंडळाचं होतं. मथळा असा: ‘वजन उलटं करून पाहा.’

लोखंडी वजनाच्या बुडाला एक खळगा असतो. त्यात शिसं ओतलेलं असतं आणि त्या शिशावर सरकारी तपासनिसाचा शिक्का असतो. लबाड दुकानदार ते शिसं कोरून काढतो. वरून वजन तसंच दिसतं, आतून हलकं. आई आणि तिच्या मैत्रिणी वाण्याच्या दुकानात रांगेने उभ्या राहायच्या आणि प्रत्येक बाई तेच म्हणायची, वजन उलटं करा. पहिलीला तो हसायचा. सातवीपर्यंत त्याच्या कपाळावर घाम आलेला असायचा. लढा म्हणजे काय हे मी त्या दुकानाच्या पायरीवर शिकलो.

आईचा भाऊ, दाऊदमामू, मूळचा हर्णैचा. नऊ वर्षांपासून कुवेतमध्ये. कुवेतच्या समोर समुद्रात फैलका नावाचं बेट आहे. तिथे एक परदेशी पथक जमीन उकरून जुनी वस्ती शोधतं. सिकंदराच्या मागून ग्रीक लोक इथवर आले होते, त्यांची वस्ती. मामू त्या छावणीत स्वयंपाकी. गेली दोन वर्षं त्याचं एकच पत्र यायचं, पोराला पाठव, दुनिया बघू दे. साठ सालच्या हिवाळ्यात आईने मला पाठवलं. बरोबर आमसुलं, मसाल्याचा डबा आणि मामूसाठी विणलेली एक बंडी.

दस्मान

बोट बाहेर समुद्रातच उभी राहिली आणि आम्हाला पडावातून किनाऱ्यावर आणलं. उतरताना आमसुलांचं पुडकं खाऱ्या पाण्यात भिजलं. म्हणजे पहिला तोटा कोकणाचाच झाला.

पहिली रात्र दस्मानच्या किनाऱ्याजवळ मामूच्या गाववाल्यांच्या खोलीत काढली. आठ माणसं, सगळी दापोली-मंडणगडकडची. कुणी गोदामात, कुणी हॉटेलात, एक जण शिंपी. आमसुलं दोरीवर वाळत घातली तेव्हा खोलीभर असा वास सुटला की दोघं-तिघं जवळ येऊन उभे राहिले. जेवताना सगळ्यांना मुंबईतल्या नव्या किलोबद्दल ऐकायचं होतं.

“म्हावरासुद्धा किलोवर घेतात?” शिंप्याने विचारलं.

“घ्यावंच लागतं. शेर बंद झाला.”

“मग जुन्या शेरांचं काय केलं? बुडवले समुद्रात?”

“बुडवतायत कशाला,” गोदामातला म्हणाला. “आमच्या गोदामात पेटीच्या पेटी आलीय. तिथे मोडीत काढलं ते इथे चालू.”

सगळे हसले. मीही हसलो. तिथे आपला रुपया चालतो, आपला तांदूळ शिजतो, मग आपला शेर का चालू नये, असंच वाटलं. त्या हसण्याची किंमत पुढे कळली.

फैलका

बेटाकडे लाँच जाते. दीड-दोन तासांचा रस्ता, पण उत्तरेचं वारं सुटलं होतं आणि मी वाटेत दोनदा ओकलो. कोकणातल्या माणसाने असं करावं याची लाज वाटली, म्हणून दुसऱ्यांदा लाँचच्या मागच्या बाजूला गेलो.

बेट सपाट. एवढं सपाट की माणूस उभा राहिला की डोंगर वाटतो. किनाऱ्याला मातीच्या घरांचं गाव, चार खजुरी, खारट विहिरी, आणि गावापासून थोड्या अंतरावर पथकाची छावणी: चटयांच्या झोपड्या, दोन तंबू आणि मामूचं स्वयंपाकघर. पिण्याचं पाणी पिंपांतून येतं. विहिरीच्या पाण्याचा चहा केला तर साखर आणि मीठ एकदमच लागतं.

मामू धावत आला नाही. कढईतलं कालथं हातात धरूनच म्हणाला, “सुकलास रे. फातमा जेवायला घालत नाय काय?”

बंडी त्याने तिथेच अंगात घातली. ती पोटावर घट्ट होत होती. “तिच्या डोळ्यांसमोर मी अजून बारीक हाय,” म्हणाला, आणि पूर्ण हिवाळा ती काढली नाही.

छावणीत खणण्याचं काम करणारे चोवीस मजूर. सगळे बेटावरचे. त्यांचा पुढारी सालेम, पन्नाशीचा, एके काळी मोत्यांसाठी बुड्या मारलेला आणि नंतर गलबतावरून मुंबई, कारवार, मलबार फिरलेला. त्यामुळे त्याला हिंदी येई. माझं नाव ऐकून म्हणाला, “मुंबई? भाऊ का धक्का अभी है?” मी म्हटलं, आहे. “और वो चायवाला, जो आधा कप देता था?” मी म्हटलं, तोही आहे. तेवढ्यावर आमची दोस्ती झाली.

दर गुरुवारी शहरातून पुरवठादाराचा माणूस लाँचने तांदळाची पोती घेऊन येई. मजुरीबरोबर प्रत्येक मजुराला आठवड्याचा चार शेर तांदूळ ठरलेला. मामूलाही त्याच पुरवठादाराने कामावर ठेवलेलं. तराजू आणि वजनं पुरवठादाराची, पण आठवडाभर ती मामूच्या स्वयंपाकघरात राहत. वजनं दोनच, चार शेरांचं आणि दोन शेरांचं, दोन्ही मुंबईची, दस्मानच्या खोलीत ऐकलेल्या मोडीतली. वाटून पोत्यात जे उरेल ते स्वयंपाकघराचं.

पहिल्या गुरुवारी मी नुसता पाहत बसलो. वाटप झालं आणि पोत्यात अडीच शेरांच्या आसपास तांदूळ उरला. मामूने तो दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला.

“बघितलंस? मोजून चोवीस माणसांचा तांदूळ येतो आणि मोजून चोवीस माणसांना दिला की वर एवढा उरतो. दोन महिने झाले. ही बरकत.”

“हिशेबात चूक असेल, मामू.”

“तू पत्रकवाला. तुला सगळीकडे चूकच दिसनार.”

त्या उरलेल्या तांदळाचा तो तिथल्या तिथे पुलाव करी आणि सगळ्यांना जेवू घाली. मजूर, पथकातले गोरे लोक, तांदूळ घेऊन आलेला माणूस, सगळे एकाच चटईवर. भातावर मामूने स्वतः गळ टाकून पकडलेला हामूर, आपल्या घोळीएवढा मोठा आणि तिच्याहून गोड. मी आयुष्यात जेवलो त्यातल्या चांगल्या जेवणांपैकी ते एक होतं, हे नंतर काहीही झालं तरी मी नाकारणार नाही.

अर्धं कासव

पथकात सापडलेल्या वस्तूंची चित्रं काढणारी एक बाई होती, इंगाबाई. माझं इंग्रजी पत्रकांचं, तिचं शाळेचं. दोघांनाही दुसऱ्याची चूक कळत नसे, त्यामुळे गप्पा चांगल्या होत.

एका सकाळी तिने कापसावर ठेवलेली एक चौकोनी चकती दाखवली. काळपट, बोटाच्या दोन पेरांएवढी, पण हातात घेतल्यावर हात खाली गेला. शिसं. वर काहीतरी उठावाचं होतं. मी म्हटलं, डोकं आणि दोन पाय. बाकीचं तुटलंय का?

“तुटलेलं नाही. अर्धंच काढलं आहे. हे अर्धं कासव.”

“अर्धं का?”

“ग्रीसमध्ये, अथेन्सच्या बाजारात अशी वजनं असत. एकावर घोट्याचं हाड, एकावर सुरई, एकावर कासव. पूर्ण कासव म्हणजे एक ठरलेलं वजन. अर्धं कासव म्हणजे त्याच्या निम्मं. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं म्हणून.”

आमच्या छापखान्यात इतकी पत्रकं निघाली, पण न वाचता येणाऱ्यासाठी एकही निघालं नव्हतं.

कडेला दोन अक्षरं होती, झिजलेली. ती म्हणाली, “अथेन्सच्या वजनांवर अशा जागी एक शब्द असतो, ‘लोकांचं’ अशा अर्थाचा. वजन दुकानदाराचं नाही, नगराचं, असं सांगणारा. इथेही तोच असेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. इथल्या कुणीतरी पाहून केलेलं असेल.”

चकतीला एका बाजूने आरपार भोक होतं. दुकानात खिळ्याला अडकवायला असेल असं मी धरून चाललो आणि विचारलं नाही.

त्याच दिवशी सालेम मला त्याच्या घरी घेऊन गेला. आपल्याकडे पाहुणा आला की घरातलं माणूस आधी पाणी आणतं. तिथे आधी गालिच्यावरची उत्तम जागा देतात आणि ती तुम्ही नाकारली तर भांडतात. कॉफी झाल्यावर सालेमने तांदळाची थैली समोर ठेवली.

“मेरी औरत के पास पुराना बाट है, तोलने का वज़न। उसके बाप का।” तो सावकाश म्हणाला. “हर हफ्ते एक मुट्ठी कम। सब घर में कम। आदमी लोग बोलता है, दाऊद चोर है। जो बचता है वो किचन में जाता है ना।”

“आणि तू काय म्हणतोस?”

“मैं बोलता हूँ, चोर चोरी का चावल पकाके सबको नहीं खिलाता। लेकिन मैं एक आदमी है। वो तेईस।”

माझा मामू चोर. नऊ वर्षं घराबाहेर राहून ज्याने एक बंडीसुद्धा कधी मागितली नाही तो. उद्या ही गोष्ट पुरवठादारापर्यंत गेली की त्याची वळकटी लाँचमध्ये फेकतील आणि तो हर्णैला चोर म्हणून उतरेल. मी सालेमला म्हटलं, गुरुवारी बघ.

दुसरा गुरुवार

तांदूळ घेऊन येणारे गृहस्थ म्हणजे रज्जबभाई, मुंबईचेच, पांढरी टोपी, खिशात पानाचा डबा. पोतं उघडलं, मामूने तराजू लावला, आणि मी मध्ये उभा राहिलो.

“थांबा. आधी एक हिशेब बघू. दोन शेर आणि दोन शेर किती?”

“लडके, स्कूल खोला है क्या?” रज्जबभाई म्हणाले.

मी दोन शेरांच्या वजनाने दोनदा तांदूळ तोलला. दोन्ही तोल एका पारड्यात एकत्र केले आणि दुसऱ्या पारड्यात चार शेरांचं वजन ठेवलं. दोन अर्ध्यांचं एक पूर्ण व्हायला हवं. तांदळाचं पारडं खाली गेलं. चोवीस माणसांनी ते पाहिलं. कुणालाही भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

मग मी चार शेरांचं वजन उचललं आणि आईसारखंच म्हणालो, “आता हे उलटं करू.”

खळगा रिकामा होता. शिसं नाही, शिक्का नाही, नुसता गंज.

मला कबूल करायला हवं की त्या क्षणी मला फार आनंद झाला. मी वजन डोक्यावर धरून सगळ्यांपुढे फिरवलं. रज्जबभाई पान चघळायचे थांबले. “मैंने भरा हुआ दिया था,” ते म्हणाले, “अल्लाह की कसम, भरा हुआ।” त्यांच्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. सर्वांत कमी माझा.

मी एक पत्रक लिहून स्वयंपाकघराच्या चटईच्या भिंतीवर टाचलं. ‘गरिबांच्या ताटातली मूठ चोरणाऱ्या रज्जबभाईंचा धिक्कार असो.’ अख्ख्या बेटावर देवनागरी वाचणारा मी एकटा, तेव्हा मीच ते मोठ्याने वाचून दाखवलं, सालेमने अरबीत सांगितलं, आणि माणसांनी माना डोलावल्या. मामू एका बाजूला उभा होता. माझ्याकडे पाहून तो हसला, पण ते हसणं थोडं विचारात पडल्यासारखं होतं.

रज्जबभाई जाताना म्हणाले, “अगले जुमेरात को सेठ का जवाब लाऊँगा। तब तक कागज़ लगा रहने दो।”

त्या दिवशी पुलाव झाला नाही. वाटप दोन शेरांच्या वजनाने झालं आणि पोत्यात काहीच उरलं नाही.

भोक

दोन दिवसांनी इंगाबाई त्या चकतीचं चित्र काढत होती. मी सहज म्हटलं, भोक मात्र नीट मध्यावर पाडायला हवं होतं, कासवाची मान कापली गेली.

“म्हणूनच तर ते दुकानदाराचं नाही,” ती पेन्सिलीवरून नजर न काढता म्हणाली. “स्वतःच्या शिक्क्याला कोण भोक पाडेल? बाजार मोडल्यावर ते वजन दुसऱ्या कुणाच्या हातात पडलं असेल. बहुतेक कोळ्याच्या. त्याला चित्राशी देणंघेणं नव्हतं. त्याला जाळं बुडवायला शिसं हवं होतं.”

मी उठलो आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो. मामू बाहेर भांडी घासत होता. त्याची गळाची दोरी खुंटीला टांगलेली होती. तिला शिशाच्या चार गोळ्या. मी त्या बोटांनी चाचपल्या. एका गोळीला एक बाजू सपाट राहिली होती, आणि त्या सपाट बाजूवर अर्धवट गोल खूण. शिक्क्याची.

“मामू, हे शिसं कुठलं?”

“ते?” तो राखेचा हात पुसत आत आला. “वजनाच्या बुडात भरलेलं होतं. उगाच. लोखंडाला शिसं कशाला? पक्कडने काढलं, कढल्यात वितळवलं. त्याशिवाय हामूरपर्यंत गळ जातच नाय. फार खोल राहतो. गुरुवारी तू खळगा दाखवलास तेव्हा आठवलं, पन त्याचा तोलाशी काय संबंध, म्हनून बोललो नाय.” मग त्याने माझा चेहरा पाहिला. “काय झालं?”

मी सांगितलं. हळूहळू सांगितलं. त्याने चूल विझवली, पाटावर बसून गळाची दोरी मांडीवर घेतली आणि चारही गोळ्या एकेक करून चाचपल्या.

“म्हणजे ती बरकत,” तो म्हणाला.

“होय.”

“त्यांचंच त्यांना खायला घातलं मी. आणि वर कपाळाला लावलं.”

“तुला माहीत नव्हतं.”

“आणि तू रज्जबभाईला चोर म्हनालास. माझ्यासाठी.” तो उठला. “त्याला पन पोरंबाळं हायत, अन्वर.”

मी रात्री, दुपारी, जेवताना, सारखा तो कागद पाहत होतो. गप्प बसलो तर मामू वाचत होता. रज्जबभाई गेले असते, दुसरा कुणी आला असता, बेटाने माझं नाव घेतलं असतं. बोललो तर पुरवठादाराचा स्वयंपाकी पुरवठादाराचंच वजन फोडून बसलेला, त्याला कोण ठेवणार? मी इतकी पत्रकं पाहिली, जुळवली, वाटली. चुकीचं पत्रक मागे घेणारं पत्रक मी एकही पाहिलं नव्हतं. आमच्या लोकांची ही खोड आहे, आणि ती मी इथे मुद्दाम लिहितो, कारण हे वाचणाऱ्यांत आमचे लोक असतील. वाण्याला आम्ही वजन उलटं करायला लावतो. स्वतःचं करत नाही.

तिसरा गुरुवार

रज्जबभाई आले. तांदूळ आणला नव्हता असं नाही, पण आधी निरोप सांगितला. सेठ म्हणतात, वजन स्वयंपाकघरात होतं, तेव्हा जबाबदारी स्वयंपाक्याची. दाऊदने आजच्या लाँचने शहरात यायचं, आणि तिथून मुंबईच्या बोटीवर.

मी भिंतीवरचं पत्रक काढलं. “रज्जबभाई, मी तुम्हाला चोर म्हटलं. ते खोटं होतं.” आणि सगळ्यांसमोर ते फाडलं. सालेमने अरबीत सांगितलं. चोवीस चेहरे गोंधळले.

मी पुढचं बोलायच्या आत मामू पुढे झाला. त्याच्या अंगात तीच घट्ट बंडी. त्याने रिकामं वजन एका पारड्यात ठेवलं आणि त्याच्या शेजारी एकेक करून गळाच्या चारही गोळ्या ठेवल्या. दुसऱ्या पारड्यात दोन शेरांच्या वजनाने दोनदा तोललेला तांदूळ. काटा जवळजवळ मध्यावर आला.

“थोडं कमी हाय,” मामू म्हणाला. “एक गोळी खडकात अडकून गेली.”

मग तो मजुरांकडे वळला आणि त्याच्या मोडक्या अरबीत, अर्ध्या हिंदीत, हातांनी, सगळं सांगितलं. पक्कड, कढलं, हामूर, पुलाव. शेवटी म्हणाला, “चोर नाय. अडाणी हाय. पन गेलं ते तुमचं गेलं.”

मग सालेम रज्जबभाईंना म्हणाला, “पुलाव तुमने भी खाया।”

“मैंने? मैं तो मेहमान—”

“सब जुमेरात खाया। दो बार लिया।”

कुणीतरी हसलं. मग दुसरा. रज्जबभाईंनी टोपी काढून परत घातली. “वो सब ठीक है। सेठ का हुक्म है। सामान उठा, दाऊद, पानी उतर रहा है।”

भरती ओसरायला लागली की लाँच वाळूत बसते आणि पुढच्या भरतीपर्यंत हलत नाही. हे बेटावरच्या सगळ्यांना माहीत. सालेम चालत जाऊन तांदळाच्या पोत्यापाशी जमिनीवर बसला. मग त्याच्या शेजारचे दोघं-तिघं. मग सगळे. मांडी घालून. कुणी तांदूळ घ्यायला उठेना.

मी रज्जबभाईंना म्हटलं, “मामूने वजन फोडलं, ते त्याने तुमच्यासमोर भरून दिलं. पण हे मोडीतलं वजन इथे आणलं कुणी? ते तपासायला कुणी आला का? दोन महिने एकाने तरी ते उलटं करून पाहिलं का? मीसुद्धा पहिल्या गुरुवारी नुसता बघत बसलो. दाऊद चुकला, तर तुमचे सेठ चुकले, मी चुकलो. तुम्ही एकट्यालाच लाँचमध्ये घालणार असाल तर पोतीही परत न्या.”

रज्जबभाईंनी समुद्राकडे पाहिलं. लाँचचा तांडेल हात हलवत होता. ओली वाळू दिसायला लागली होती.

“तो क्या बोलूँ सेठ को?”

“बोलो, वज़न ठीक हो गया,” सालेम बसूनच म्हणाला. “और अब ठीक रहेगा।”

खूण

रज्जबभाई लाँच पकडून गेले आणि मामू राहिला. गोळ्या त्याच कढल्यात वितळवल्या. जी गोळी खडकात गेली होती तिच्या बदली सालेमने आपल्या जाळ्याचं एक शिसं कापून दिलं. मामूने रस खळग्यात ओतला, थंड झाल्यावर वजन पुन्हा दोन-दोन शेर तांदळाशी तोलून पाहिलं आणि जास्तीचं चाकूने तासलं.

आता खूण हवी. इंगाबाईने कागदावर कासव काढून दाखवलं. सालेमने कासव पाहिलं आणि मान हलवली. कासव त्यांचं, म्हणाला, आपलं नाही. त्याने खिळा आणि दगड घेतला आणि मऊ शिशावर एक वाकडी रेघ मारली, वर एक उभी, उभीच्या टोकापासून एक तिरकी. गलबत. बेटावरचं लहान मूलसुद्धा ओळखेल असं. मग दोन शेरांचं वजन उलटं केलं आणि मुंबईच्या जुन्या शिक्क्याच्या बाजूला फक्त नाळेची, म्हणजे पुढची बाजू कोरली. अर्धं गलबत. इंगाबाईने दोन्हींची चित्रं आपल्या वहीत काढून घेतली, ग्रीकांच्या चकतीच्या पुढच्याच पानावर.

पुढच्या गुरुवारी तोलण्यापूर्वी सालेमने दोन्ही वजनं उलटी करून हातोहात फिरवली. ती रज्जबभाईंपर्यंत आली तेव्हा त्यांनी अंगठ्याने गलबत चाचपलं.

“ये कौन सी सरकार की मुहर है?”

सालेमने बसलेल्या माणसांकडे हात केला आणि वजन पारड्यात ठेवलं.

वाटप झालं. पोतं झटकलं तेव्हा तळाशी पाच-सहा दाणे निघाले. मामूने ते कोंबड्यांना टाकले आणि रिकामं पातेलं घासायला बसला. गळाला शिसं नव्हतं, म्हणून मासाही नव्हता. मजूर आपापल्या थैल्या उचलून निघाले.

सालेम पातेल्यापाशी थांबला. आपली थैली सोडली, एक मूठ तांदूळ काढला आणि पातेल्यात टाकला. तो पुढे गेला. त्याच्यामागच्याने तेच केलं. चोवीस जण. एकानेही दुसऱ्याच्या मुठीकडे पाहिलं नाही.

मामू पातेल्यात बघत बसला होता. “परत ते,” तो माझ्याकडे वळून म्हणाला. “परत त्यांचंच त्यांना घालनार मी.”

“नाही, मामू. ती मूठ त्यांच्या नकळत जात होती. ही त्यांनी दिली.”

या वेळी त्याने तांदूळ कपाळाला लावला नाही. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, तांदूळ धुवायला घेतला, आणि रज्जबभाईंना म्हणाला की आज मासा नाय, आमसुलाची कढी हाय, जेवायचं असेल तर बसा.

रज्जबभाई बसले.